थर्मासमधलं पाणी

मागचं चाक दुसऱ्यांदा पंक्चर होऊन बसलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. हँडल सावरत मी मोटारसायकल कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे न बघताच विचारलं, "सावंत, थर्मास?"

"आसा. हातातच आसा," सावंत म्हणाले.

गाडीचं काय व्हायचं ते होवो, मला काळजी होती ती त्या थर्मासची. रुंद तोंडाचा, बुचाचा, सरकारी थर्मास. त्यात पहाटे मालवणच्या बंदरावरून मासळीवाल्यांकडून आणलेला बर्फ भरलेला, आणि बर्फात काचेच्या तीन बंद नळ्या. त्यांना आम्ही अँप्युल म्हणतो. एका अँप्युलमध्ये चिमूटभर भुकटी, आणि त्या भुकटीत शंभर जनावरांची लस. बुळकांडीची.

बुळकांडी आता कोणाला माहीत नाही, आणि माहीत नाही ते उत्तम आहे. गुरांना ताप यायचा, तोंडात फोड यायचे, मग पाण्यासारखी हगवण लागायची आणि आठवड्याभरात गोठा रिकामा व्हायचा. औषध नव्हतं. लस होती, पण ती जिवंत लस. गार राहिली तर जिवंत, गरम झाली की मेली. मेलेली लस टोचली तर जनावराला अपाय काहीच होत नाही. पण फायदाही काही होत नाही, आणि वरून बघणाऱ्याला तर काडीचा फरक दिसत नाही.

ही छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा रत्नागिरीच. मी सव्वीस वर्षांचा, मूळचा सांगलीकडचा, व्हेटरनरी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. मालवण माझं पहिलं पोस्टिंग. सावंत आमच्या दवाखान्यातले ड्रेसर. जनावर धरायचं, जखमा धुवायच्या, सुया उकळायच्या ही त्यांची कामं. हुद्दा खालचा, पण मी शाळेत होतो तेव्हापासून ते ढोरांच्या दवाखान्यात होते. मला ते 'डॉक्टरांनू' म्हणायचे आणि मी काही चुकीचं करायला लागलो की फक्त घसा खाकरायचे.

ज्या गावाला निघालो होतो त्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. शेजारच्या गावात बुळकांडी शिरली होती. या गावाने आमचं ऐकून आठ दिवस एकही जनावर गोठ्याबाहेर काढलं नव्हतं. ऐकलं ते माझं नव्हे, दाजी गावकरांचं. दाजी गावचे मानकरी, साठीचे. त्यांनी देवळात कौल घेतला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कुठली पडते ते बघून देवाची परवानगी घेतली, आणि मग गावाला सांगितलं की सुई टोचेपर्यंत गुरं बांधून ठेवायची. बायका आठ दिवस घागरींनी गोठ्यात पाणी भरत होत्या. पेंढा संपत आला होता. आज दुपारी बाराला देवळापुढच्या आवारात सगळी गुरं जमणार, मी टोचणार, आणि मग ती सुटणार. गावाने माझ्या भरवशावर दिवस मोजले होते.

आणि मी चार मैल अलीकडे सड्यावर बसलो होतो.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, झुडूप नाही, मे महिन्यात पाण्याचा थेंब नाही. रस्ता तांबड्या मातीचा. एरवी बैलगाड्यांची ये-जा असायची, कोणीतरी हात दिला असता. पण रोगाच्या भीतीने गाड्या बंद ठेवायचा हुकूम होता, आणि त्या हुकमाखाली सही माझीच होती.

पहिलं पंक्चर दहा वाजता झालं होतं. ते मला फार सोपं वाटलं. टायरमध्ये खिळ्याचं डोकं चकाकत होतं. वाकून बघितलं तर बैलाच्या नालाचा खिळा. गाडीला जुंपायच्या बैलांना पायाला नाल मारतात, ते झिजले की खिळे गळून रस्त्यावर पडतात.

"बैलान सूड घेतल्यान, डॉक्टरांनू," सावंत म्हणाले. "सुई टोचता ना तुमी तेका."

मी हसलो. तेव्हा हसायला वेळ होता. गाडी स्टँडला लावली, चेन उतरवली, आसाचे नट सोडून चाक बाहेर काढलं. मिलिटरीतून लिलावात निघालेली जुनी मोटारसायकल होती, नट सोडायलाच निम्मी शक्ती जायची. मग टायर लिव्हर. हाताएवढ्या लोखंडी पट्ट्या, टोकाला वाकवलेल्या. दोन लिव्हर घालून टायरची एक कड रिमच्या बाहेर काढायची आणि आतली ट्यूब ओढून घ्यायची. खिळा कुठे होता ते ठाऊक असल्यामुळे भोक लगेच सापडलं. पॉलिश पेपरने रबर घासलं, सोल्युशन लावलं, ते जरा सुकू दिलं, पॅच दाबला, वर पावडर मारली, ट्यूब आत, टायर आत, चाक जागेवर. दोघांनी आळीपाळीने पंप मारला. पाऊण तासात काम झालं.

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बाटलीतलं पाणी दोघांनी प्यायलं, आणि शेवटचा घोट मीच घेतला.

चूक काय झाली ते सांगतो. खिळा लांब होता. टायर बसल्याचं कळून गाडी थांबवेपर्यंत मी फर्लांगभर तसाच गेलो होतो. तेवढ्यात खिळा ट्यूबच्या आरपार जाऊन रिमकडच्या बाजूलाही टोचला होता. ट्यूब बाहेर असतानाच चार पंप हवा मारून ती सगळीकडून तपासायची असते. पंक्चर काढणारा कोणीही हे करतो. मी केलं नाही. मला एक भोक सापडलं, तेवढ्यावर मी खूश झालो.

आता पुन्हा चाक काढलं, ट्यूब काढली, हवा भरली. हवा जात होती, पण कुठून ते कळेना. सुईच्या टोकाएवढं भोक. असं भोक शोधायचं तर ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे बघायचे. पाणी नसेल तर कान लावायचा. कान लावला. सड्यावर समुद्राकडून वारा असा सुटलेला की कानात वाऱ्याशिवाय काही शिरेना. मग ओठांजवळ धरून बघितली, पापणीजवळ धरून बघितली. ओठाला आणि पापणीला बारीक हवासुद्धा लागते. वाऱ्याने तेही जमू दिलं नाही. थुंकी लावून बघावी तर तोंड कोरडं पडलेलं.

सावंतांनी घसा खाकरला.

"डॉक्टरांनू, मी थर्मास घेवन चलत जातंय. चार मैल तर रवलेत. दीड तासात पोचान."

"आणि टोचणार कोण?"

"मी. तुमी येवच्या आधी इतकी वर्सां कोण टोचीत होतो?"

"अँप्युल ऑफिसरच्या समोर फोडायची असते, सावंत. सर्क्युलर आहे."

"मग तुमीय चला. गाडी हंय रवांदे. गाडी खाणारो कोण आसा हंय?"

खरं सांगायचं तर मला चालत जायचं नव्हतं. मोटारसायकलवरून येणारा डॉक्टर म्हणून त्या गावात माझी ओळख होती. घामाने थबथबलेला, धुळीने माखलेला, हातात थर्मास घेऊन पायी येणारा डॉक्टर मला स्वतःलाच बघवला नसता. सव्वीस वर्षांच्या माणसाला काय काय बघवत नाही याची यादी मोठी असते.

"भोक सापडलं की वीस मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. "थर्मासमध्ये बर्फ वितळून पाणी झालं असेल. ते द्या."

सावंत हलले नाहीत.

"त्या पाण्याक हात लावू नकात."

"पाणीच घेतोय. बर्फ राहतोय ना आत."

"बूच उघडूचा नाय म्हणान तुमीच सांगता सगळ्यांका."

"सावंत, थर्मास द्या."

त्यांनी दिला. मी ऑफिसर होतो.

सुया उकळायचा ट्रे रस्त्यावर ठेवला. बूच काढलं आणि थर्मास हळूच कलता केला. बर्फ मला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळच वितळला होता. पाणी आलं, आणि पाण्याबरोबर उरलेला बर्फही एकदम घसरून ट्रेमध्ये पडला. अँप्युल मी कशाबशा हातात झेलल्या. झेलल्या नसत्या तर बरं झालं असतं. फुटल्या असत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बर्फाचे खडे बोटांनी वेचून परत आत टाकले. मूठभर जमले. त्यावर अँप्युल ठेवल्या, बूच लावलं. मग गार पाण्यातून ट्यूब वीत-वीत सरकवली. वाऱ्याने पाणी हिंदकळायचं, बुडबुडा कुठला आणि लाट कुठली कळायचं नाही. अखेर रिमकडच्या अंगाला बारीक बुडबुड्यांची एक रांग दिसली. भोक सापडलं. पण ओल्या ट्यूबवर पॅच बसत नाही. ती पुसून सुकवली, पुन्हा घासली. घाईने लावलेला पहिला पॅच उचकटला, दुसरा लावला. वीस मिनिटांचं काम म्हणालो होतो त्याला दीड तास लागला. थर्मास तेवढा वेळ सावंतांनी स्वतःच्या सावलीत धरला होता. ते उन्हाकडे पाठ करून उभे होते, कारण त्या सड्यावर दुसरी सावलीच नव्हती.

दीड वाजता गावात शिरलो. देवळापुढे आंब्याखाली, फणसाखाली, भिंतीच्या कडेने, जिथे सावली मिळेल तिथे गुरं उभी होती. दोनशेच्या वर. आठ दिवसांनी बाहेर आलेली, तहानलेली, दावी ओढणारी. माणसं दमली होती. दाजी पुढे आले.

"येवा डॉक्टरांनू. उशीर झालो तो झालो. पाणी पिवा आधी."

मी पाणी प्यायलो आणि सावंतांना घेऊन देवळाच्या पडवीत गेलो. बूच काढून आत हात घातला. बर्फ नव्हता. पाणी होतं, विहिरीच्या पाण्याएवढं. अँप्युल हाताला गार लागल्या नाहीत.

"गार आहे अजून," मी म्हणालो.

सावंतांनीही हात घातला, काढला, धोतराला पुसला.

"हात माकाय आसा, डॉक्टरांनू," ते म्हणाले.

मी स्वतःची समजूत घातली. भुकटी सुकी आहे. सुकी लस थोडी गरमी सोसते असं पुस्तकात आहे. किती सोसते हेही पुस्तकात होतं, पण ती ओळ मी आठवली नाही. बाहेर दोनशे गुरं आणि तेवढीच माणसं उभी होती. मी अँप्युल फोडली.

टोचायच्या आधी दाजींनी गाऱ्हाणं घातलं. या भागात कुठलंही मोठं काम देवाला सांगितल्याशिवाय होत नाही. एकजण मोठ्याने देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. मी सिरिंज हातात घेऊन उभा होतो.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात गावची गुरां उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"शेजारी मरी इली, ती आमच्या शिवेर येवची नाय, ही राखण तुझी."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो डॉक्टर उन्हातसून आमच्यासाठी धावत इलो. ताच्या सुयेक यश दी. गावचे गोठे भरलेले ठेव."

"व्हय म्हाराजा."

त्या शेवटच्या होकाराला आवाज सगळ्यात मोठा होता. मी सिरिंजकडे बघत राहिलो.

मग कामाला लागलो. सावंत कान धरून मान वळवायचे, मी मानेच्या कातडीखाली सुई घालायचो. चार वाजेपर्यंत सगळी गुरं झाली. दाजी जवळ आले.

"झाला मा सगळा? आता सोडूक हरकत नाय मा?"

हा प्रश्न येणार हे मला सकाळपासून माहीत होतं. गावाच्या शिवेवर एक तळी होती. तिथे शेजारच्या गावची गुरंही पाण्यावर यायची, आजारी होती तीसुद्धा. लस जिवंत असती तरी मी म्हणालो असतो, चार दिवस थांबा; हे गावाला आधी सांगायचं माझ्याकडून राहिलंच होतं. तेवढ्या दिवसांत लसीची ताकद अंगात येते. पण चार दिवस थांबा म्हटलं की पेंढ्याचा विषय निघणार, आणि एकेक प्रश्न येत येत तो थर्मासवर येणार. मला लवकरात लवकर तिथून निघायचं होतं.

"हरकत नाही," मी म्हणालो.

पहिला मान दाजींचा. त्यांनी आपली जोडी आधी सोडली. सर्जो आणि पवळो, दोन्ही पांढरेशुभ्र, चार दातांचे, म्हणजे ऐन उमेदीतले. त्यांच्यामागे आणखी चार-पाचजणांनी दावी सोडली. गुरं वास घेत सरळ तळीच्या वाटेला लागली.

मी किक मारायला पाय उचलला. सावंत पेटी हातात घेऊन बाजूलाच उभे राहिले.

"बसा," मी म्हणालो.

"डॉक्टरांनू, देवासमोर सांगलेला आसा ह्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माका सांगूक लावू नकात."

एवढंच. ते ओरडले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता उभे राहिले. मी गाडी सोडली, धावत देवळाच्या पायरीवर चढलो आणि ओरडलो, "गुरं अडवा. कोणी सोडू नका. सोडलेली परत आणा."

माणसं तळीकडे पळाली. बाकीची माझ्याभोवती जमली. मी सांगितलं. पंक्चर, पाणी, बर्फ, बूच, सगळं. लस गरम झाली होती, ती बहुतेक मेलेली आहे, आणि हे मला टोचायच्या आधी माहीत होतं. शेवटचं वाक्य मी गाळू शकलो असतो. का गाळलं नाही कुणास ठाऊक.

मग मागून एकजण म्हणाला, "म्हणजे आमी आठ दिवस झक मारली काय रे?" दुसरा म्हणाला, "घाटार धाडा हेका परत." एक बाई पुढे आली, शांतपणे म्हणाली, "गुरांक आता काय घालू? माती?" बाकीच्यांच्या शिव्यांपेक्षा तिचा प्रश्नच जास्त लागला.

तेवढ्यात तळीवरून गुरं परत आणली. सात होती. सातही पाणी पिऊन आली होती. त्यांत दाजींची जोडी होती.

दाजींनी सर्जोच्या तोंडाकडे बघितलं, पाणी गळत होतं ते हाताने पुसलं. मग विचारलं, "लस परत कधी मिळात?"

"कोल्हापूरला मिळेल. मी स्वतः जातो. तीन दिवस."

"आणि तवसर?"

"सगळी बांधून ठेवायची. ही सात बाकीच्यांपासून लांब, गावाबाहेर. टोचल्यावर पुन्हा चार दिवस."

"पेंढो सपलो," कोणीतरी म्हणालं.

"माझ्या शाकारणीचो आसा," दाजी म्हणाले. "तो पयलो काढा."

शाकारणी म्हणजे पावसाआधी घरावर नवा पेंढा घालणं. त्यासाठी प्रत्येकाने पेंढा वेगळा राखलेला असतो. त्याला कोणी हात लावत नाही, कारण तो जनावरांचा नसतो, घराचा असतो. दाजींनी तो काढा म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा राहिली नाही. ती बाई आपल्या घराकडे गेली आणि पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन आली.

मला वाटलं संपलं. पण दाजी पुन्हा देवळासमोर उभे राहिले आणि मला हाताने शेजारी बोलावलं. दुपारी देवाला जे सांगितलं होतं ते आता खरं राहिलं नव्हतं, म्हणून गाऱ्हाणं नव्याने घालावं लागणार होतं. मला ठाऊक नव्हतं की असं असतं.

"बा देवा म्हाराजा, मगाशी तुका सांगलंय ता अर्धा होता."

होकार आला, पण थोडा.

"ह्या डॉक्टराच्या हातसून चूक झाली. ती तेना तुझ्यासमोर कबूल केल्यान."

"व्हय म्हाराजा."

"ही चूक गावान पदरात घेतली. तूय पदरात घी."

इथे कोणीच काही बोललं नाही. दाजी थांबले. गाऱ्हाण्यात होकार आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते तसेच हात जोडून उभे राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी. पहिला होकार सावंतांनी दिला. ते त्या गावचे नव्हते. मग एकेक करत बाकीचे म्हणाले. ज्याने मला घाटावर धाडायला सांगितलं होतं तो सगळ्यात शेवटी म्हणाला, पण म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी कोल्हापूरहून एसटीने लस आणली. दोन थर्मास, वाटेत घाटाच्या पायथ्याशी फोंड्याला ताजा बर्फ भरून, बूच मेणाने बंद. थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाही. पुन्हा सगळ्या गुरांना टोचलं. या लसीने टोचल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी जनावराला ताप येतो. तो आला की लस लागली. चौथ्या दिवशी मी गोठ्यागोठ्यातून थर्मामीटर घेऊन फिरलो. ताप होता. घरोघरच्या बायका पारा बघायला मागत होत्या आणि मी प्रत्येकीला दाखवत होतो. एखाद्याला ताप आला म्हणून गाव एवढं आनंदलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

तळीवर गेलेल्या सातांपैकी पाच मेली. सर्जो आधी गेला, दोन दिवसांनी पवळो. त्यांना पुरताना मी होतो. दाजींनी मला थांब म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. 'हरकत नाही' हे दोन शब्द बोलून दाजींचा गोठा मी रिकामा केला होता. याचं दुःख मला झालं, आजही होतं. बाकी गाव वाचलं.

पंधरा दिवसांनी रत्नागिरीहून साहेब आले. फाईल चाळून म्हणाले, "तीन अँप्युल वाया. हे गावाला सांगितलंत कशाला? दुसरा डोस म्हणून टोचून मोकळं व्हायचं."

"या लसीला दुसरा डोस नसतो, सर."

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"ते मला विचारत होते, सर. गुरं सोडू का म्हणून."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि मेमो लिहायला घेतला. मेमो लस वाया घालवल्याबद्दल होता. खोटं बोलल्याबद्दल खात्याकडे कुठला फॉर्म नव्हता.

त्या पावसाळ्यात दाजींच्या घरावर जुना पेंढा आणि वर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची चुडतं होती. घर गळत होतं. नांगर गावाने आळीपाळीने दिला, प्रत्येक घराची जोडी एकेक सकाळ. मी त्या बाजूला जायचं टाळत होतो. मोटारसायकल असूनही टाळत होतो.

दसऱ्यानंतर एक दिवस दाजी स्वतःच मालवणला दवाखान्यात आले. बाकावर बसले, सावंतांनी दिलेला चहा प्यायले.

"फोंड्याच्या बाजारात जोडी बघूक जातंय," ते म्हणाले. "तुमी येवा माझ्यावांगडा."

"मी?" मी म्हणालो. "दाजी, माझ्यामुळे तर..."

"ता झाला. बाजारात सगळे आपलोच बैल बरो म्हणतत. माका बगून सांगणारो माणूस व्हयो."

मी गेलो. घाटावरून आलेल्या जनावरांतली एक जोडी त्यांना आवडली. मी दात बघितले, खूर उचलून बघितले, चालवून बघितलं. डाव्या बैलाच्या मागच्या पायात जुना मार होता. चालताना दिसत नव्हता, चढाला लागल्यावर दिसला असता. विकणारा माझ्याकडे रोखून बघत होता. दाजींनी मला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांच्या समोरच विचारलं.

"डॉक्टरांनू, काय ता सांगा."

मी सांगितलं. विकणाऱ्याने शिव्या दिल्या. दाजींनी ती जोडी सोडली, आणि आम्ही दिवसभर फिरून संध्याकाळी दुसरी घेतली. ती दिसायला साधी होती. दहा वर्षं चालली.

नोकरीत पुढे मी बराच वर गेलो, खुर्च्या मिळाल्या. हाताखालच्या नव्या डॉक्टरांना मी एकच नियम घालून दिला: लस बिघडली असेल तर टोचायच्या आधी सांगायचं, आणि नसेल सांगितलं तर टोचल्यावर लगेच. त्यांनी विचारलं की हे कुठल्या सर्क्युलरमध्ये आहे. कुठल्याच नाही. माझ्या सर्व्हिस बुकातही त्या वर्षी फक्त मेमो आहे. फोंड्याच्या बाजाराची नोंद नाही.